टॉर्चपुढचा चष्मा

टॉर्चचा झोत माझ्या चष्म्यावर पडला, काचा जनावराच्या डोळ्यांसारख्या चमकल्या आणि समोरच्या माणसाने बंदूक रोखली.

"अरे मेल्या, बुढिया हूँ, नीलगाय नहीं!" मी ओरडले.

गुडगावला लेकीच्या घरामागच्या गव्हात मी मांजर शोधत होते. तो धावत आला, पाया पडला आणि खिशातून परवाना काढून दाखवू लागला. पीक खाणाऱ्या नीलगाई मारायला मिळालेला. मी चौथी शिकलेली. त्याच्याच टॉर्चच्या उजेडात वाचलं, "सूर्यास्त के बाद मना है."

त्याने मिशी चाचपली. "माताजी, दिन में वो आती ही कहाँ है?"

"तो जो आए, उसे मारोगे?"

त्याने गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. माणूस वाईट नव्हता, कागद वाचायला आळशी होता. ज्या नीलगाईच्या मागावर तो आला होता, ती केव्हाच पळाली होती.

त्या रात्री ती वाचली, मीही वाचले.