गालाच्या आतला ठिपका

सांगलीला बी.एस्सी. करत असताना प्राणिशास्त्राच्या बाईंनी एकदा आम्हाला गालाच्या आतून काडीने खरवडून ते काचपट्टीवर लावायला सांगितलं. बाईमाणसाच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन, पण कामाला एकच. गर्भ अगदी इवलासा असतानाच प्रत्येक पेशी आईकडच्या किंवा बापाकडच्या एकाला झोपवते. कोणतं, ते चिठ्ठी टाकल्यासारखं. पुढे त्या पेशीची सगळी पिलावळ तेच झोपवत राहते. मांजरांत काळा-तांबडा रंग एक्सवरच ठरतो, म्हणून तासगावच्या आमच्या बेदाण्याच्या शेडमधल्या मांजरीच्या अंगावर दोन्ही रंगांची ठिगळं होती. झोपलेलं एक्स केंद्रकाच्या कडेला ठिपका होऊन बसतं. तो शोधायचा होता.

मला एकाच पेशीत एक नाही, चांगले पंधरा दिसले. मी हरखून ओरडले, "बाई, माझ्यात लय हायत!"

मुलांत एक्स मुळात एकच, त्यांच्या पट्ट्यांवर एकही ठिपका नव्हता, त्यामुळे माझा भाव वधारला. तेवढ्यात वसतिगृहातल्या माझ्या खोलीतली कडेगावची मैत्रीण सूक्ष्मदर्शकात डोकावली आणि कानात म्हणाली, "अगं येडे, ही मिश्री हाय!"

भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांना घासल्याशिवाय आमच्याकडच्या बायांची सकाळ होत नाही. मीही त्यातलीच. पण वसतिगृहात मिश्री सापडली की मुलीला घरी धाडत, आणि घरी मला बघायला पाहुणे टपलेलेच होते. शिक्षण तिथेच संपलं असतं. एवढी भीती असून तोंडातून मात्र हसूच फुटलं, थांबेना.

बाईंनी बराच वेळ पट्टी बघितली. "चार चुळा भर आणि दुसरा गाल खरवड," एवढंच म्हणाल्या.

या खेपेला एका पेशीत कडेला चिकटलेला एकच ठिपका सापडला. काय देखणा होता! मी जागेवरच उडी मारली.

तास संपल्यावर बाईंनी मला एकटीला थांबवलं. मी हात जोडले. "आवं बाई, घरी कळवू नका. शिकू द्या मला."

बाईंनी दार लोटलं. "कळवते कशाला? डबी आहे का जवळ? माझी सकाळीच संपली."

मी पिशवीतून डबी काढून दिली. बाईंनी चिमूटभर घेतली आणि पाठ फिरवून दातांना लावली. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसत राहिले.