मचाणासमोरची खिडकी

एनिड टॉलंडने नवऱ्याला एकच शब्द दिला होता, तोही इस्पितळाच्या दारात, टॅक्सीची वाट बघताना. क्लिफची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, तरी सांगायचं ते त्याने एकेक शब्द चावून सांगितलं. "तूच. दुसरं कुणी नको." म्हणजे अंग पुसणं, डायपर बदलणं, सगळं. नगरपालिकेची सेविका नको, पोटची लेकसुद्धा नको. एकतीस वर्षं गावची बस चालवलेला माणूस तो. अर्धं गाव त्याच्या पाठीमागे बसून शाळेत गेलेलं. एनिड म्हणाली, "तू आणि मी. भिंतींनाही कळणार नाही."

आणि तिने तो शब्द पाळला, तीन वर्षं. जिना चढणं संपलं होतं, म्हणून पलंग खालच्या मागच्या खोलीत आणला. तिथे जमिनीपर्यंत आलेली मोठी खिडकी होती, बाहेर उतारावरची बाग, क्लिफने लावलेलं सफरचंदाचं झाड, घेवड्याचे वेल आणि पार खाली रेल्वेचं कुंपण. बघणारं कुणी नाही. रोज सकाळी साडेसातला ती कोमट पाण्याचं भांडं घेऊन यायची, उजेडात त्याचं अंग पुसायची, आणि मग तो दिवसभर बाहेर बघत पडायचा. कुठला पक्षी आला, कुठल्या फांदीवर बसला, एवढंच तो संध्याकाळी सांगायचा. त्याचं उरलेलं जग तेवढंच होतं.

शेजारी गॅव्हिन आणि लॉर्ना स्पाइट. दोघंही चाळिशीची, तो लोकांच्या घरी स्वयंपाकघरं बसवायचा. ईस्टरची चार दिवसांची सुट्टी आली की आमच्या या गावात प्रत्येक नवऱ्याला करवत आठवते. गॅव्हिनलाही आठवली. चार दिवसांत त्याने मागच्या दारापासून बागेत लाकडी ओटा बांधला. दाराशी तो जमिनीला टेकलेला, पण उतार असल्यामुळे टोकाला पुरता चार फूट उंच. ओटा कसला, रान राखायचं मचाणच ते!

मंगळवारी सकाळी एनिडने नवऱ्याचा सदरा काढला, फडकं पिळलं आणि मान वर केली. कुंपणापलीकडे, थेट खिडकीसमोर, गॅव्हिन मचाणाच्या टोकाला चहाचा मग घेऊन उभा होता. त्याने हसून मग उंचावला. त्याला काही दिसलं की नाही कोण जाणे, पण क्लिफला तो दिसला. क्लिफने डोळे मिटले. एनिडने पडदा ओढला, आणि त्या दिवसापासून त्या खोलीत भर दिवसा दिवा लागायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, जाऊन सांगायचं होतं. पाच पावलांवर तर दार. अहो, पण आमच्याकडे शेजारी म्हणजे पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचा माणूस. अकरा वर्षांच्या शेजारात एनिडने लॉर्नाला हवेपलीकडचं एक वाक्य ऐकवलं नव्हतं. तरी ती गेली. सकाळपासून मनात शब्द जुळवून कुंपणापाशी गेली.

"कसा वाटला आमचा ओटा, एनिड?" लॉर्नानेच विचारलं.

"छान झालाय हं. ऊन चांगलं येत असेल."

"भरपूर. आणि क्लिफ बरे आहेत ना? पडदा बंद दिसतो हल्ली."

"त्याला उजेडाचा त्रास होतो," एनिड म्हणाली, आणि घरी येऊन स्वयंपाकघरातली स्वच्छ भांडी पुन्हा घासत बसली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

पडद्याआड क्लिफ वाळत चालला. जेवणावरचं मन उडालं. पक्ष्यांचं बोलणं थांबलं, मग बोलणंच थांबलं. शेवटी एनिडने नगरपालिकेला फोन केला. फुटाहून उंच ओट्याला आमच्याकडे परवानगी लागते, ती स्पाइटांनी घेतलीच नव्हती. टेप घेऊन एक माणूस आला, मोजून गेला. स्पाइटांना मागाहून अर्ज करायला लावला. दिव्याच्या खांबाला पिवळी नोटीस लागली, हरकती कळवायला तीन आठवडे. तोंडाने न बोलणारी आमची माणसं कागदावर मात्र वाघ असतात.

"नुसतं 'आवडत नाही' असं लिहू नका," फोनवरची बाई म्हणाली होती. "नेमका त्रास काय, ते लिहा. नाहीतर धरत नाहीत."

एनिडने नेमकं लिहिलं. चार दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिलं. किती वाजता अंग पुसते, दिवसातून किती वेळा बदलावं लागतं, कुठल्या अवयवावर त्याचा ताबा राहिला नाही, अंथरूण भिजलं की तो कसा रडतो. सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नव्हतं, ते सगळं. क्लिफला मात्र दाखवलं नाही. म्हटलं, याची खिडकी याला परत मिळू दे, मग कशाला सांगायचं? फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, की आलेली पत्रं जनतेला पाहण्यास खुली राहतील. ते तिने वाचलंही. खुली म्हणजे कचेरीतल्या कपाटात, मागितली तर कारकून काढून देईल, असं तिने धरलं. जनता कशाला मरायला जातेय तिथं? तिने पाकीट टपालात टाकलं.

सहा आठवड्यांनी निकाल आला. ओटा राहील, पण एनिडच्या बाजूला सहा फूट उंच फळ्यांचा आडोसा घालायचा. गॅव्हिनने निमूटपणे घातला. एनिडने पडदा सरकवला. समोर फळ्या. दुपारचं ऊन गेलं, घेवडा गेला, पण डाव्या कडेला सफरचंदाची एक फांदी शिल्लक होती. क्लिफ बराच वेळ त्या फांदीकडे बघत राहिला. संध्याकाळी त्याने पुन्हा पक्षी सांगितला, "रॉबिन आला होता." एनिड स्वयंपाकघरात जाऊन रडली. जिंकलो म्हणायचं, असं तिला वाटलं.

गुरुवारी वॉल्टर आला. वॉल्टर ऑग्डन, क्लिफच्याच डेपोतला जुना ड्रायव्हर, दर गुरुवारी मांस भरून भाजलेला 'मीट-पाय' घेऊन यायचा. बसला, घसा खाकरला, आणि मित्राच्या चांगल्या हातावर हात ठेवला.

"वाचलं मी, लेका. त्यात लाजायचं काय? माझ्या आईचं शेवटी अस्संच होतं. डेपोच्या क्लबात सगळ्यांनी वाचलं, पण एक जण हसला नाही, तुझी शपथ."

किटली घेऊन एनिड दारातच थिजली.

"काय वाचलं?" क्लिफने विचारलं.

वॉल्टरने एनिडकडे बघितलं, आणि बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "ते... ओट्याचं पत्र. नगरपालिकेच्या इंटरनेटवरच्या पानावर असतं ना सगळं. कोणाच्या परसात काय चाललंय, ते आम्ही बघत असतो. मला वाटलं तुला..."

"वाच."

"राहू दे रे."

"वाच."

वॉल्टरने खिशातून फोन काढला. तीन ओळी वाचल्या, चौथी त्याच्याने वाचवेना. क्लिफने फोनसाठी डावा हात पुढे केला आणि बाकीचं स्वतः वाचलं, ओठ हलवत, शेवटपर्यंत. नगरपालिकेने अगदी कायद्याने वागून एनिडची सही आणि फोन नंबर काळ्या पट्टीने झाकला होता. बाकी काहीच झाकलं नव्हतं. झाकली मूठ म्हणून तीन वर्षं जपलेलं सगळं चव्हाट्यावर पडलं होतं, आणि पाडणारी त्याची बायकोच होती.

दुसऱ्या दिवशी लॉर्ना दाराशी आली. डोळे सुजलेले. "एक शब्द तरी आम्हाला सांगायचा होता, एनिड. गॅव्हिनने ओटा पलीकडे सरकवला असता हो. स्क्रूवर तर होत्या फळ्या."

"हो," एनिड म्हणाली. "बोलायला हवं होतं."

शनिवारी साडेसातला ती पाण्याचं भांडं घेऊन गेली. क्लिफने चादरीची कड डाव्या मुठीत घट्ट धरली होती.

"पाणी निवेल, क्लिफ."

"ती सेविका बोलव. नगरपालिकेची."

"तूच म्हणाला होतास ना, दुसरं कुणी नको?"

"तेव्हा कुणाला माहीत नव्हतं," तो म्हणाला. इतकं लांब वाक्य त्याने कित्येक दिवसांत उच्चारलं नव्हतं. मूठ काही सोडली नाही.

आठवड्याभराने सेविका यायला लागली. निळ्या झग्यातली तरणी मुलगी, वीस मैलांवरच्या गावाहून यायची. पहिल्या दिवशी एनिड टॉवेल घेऊन मागोमाग गेली. "फार गरम पाणी सोसत नाही त्याला. आणि उजवा खांदा जपून—"

"ते म्हणतात, तुम्ही बाहेर थांबा," मुलगी ओशाळून म्हणाली. "दार लावून घ्या म्हणतात."

एनिडने दार लावलं आणि स्वयंपाकघरात, पत्र लिहिलं होतं त्याच टेबलाशी जाऊन बसली. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग क्लिफचा आवाज आला. अडखळत, थांबत, तो त्या मुलीला जुन्या चौदा नंबरच्या बसचा रस्ता सांगत होता, एकेका थांब्याचं नाव घेऊन. मुलगी हसली. तिने ते पत्र वाचलेलं नव्हतं.