मोहरीचे मोड

डोंबिवलीतले आमचे शेजारचे काका. ब्रोकोलीच्या मोडांतलं कसलंसं द्रव्य कॅन्सरला अडवतं, असं त्यांनी पेपरात वाचलेलं. ब्रोकोलीचं बी कल्याणपर्यंत शोधूनही मिळेना, तेव्हा तिच्याच कुळातली म्हणून त्यांनी मोहरी भिजवली आणि मटकीसारखी फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगली. पण धीर नाही. मोड आले का बघायला सारखी पुरचुंडी सोडायचे, त्यानं मोड खुरटेच राहायचे. मग वाटी घेऊन आमच्या दारात.

"चावून खा रे, नुसतं गिळू नकोस. चावल्याशिवाय ते द्रव्य सुटत नाही."

तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. ते येरझारा घालत चावायचे आणि एका हातानं गळ्याला आलेली गाठ चाचपत राहायचे.

"काका, डॉक्टरांना दाखवलंत?"

"या खेपेला मोड चांगले लांब येऊ देत, मग जातो," म्हणाले आणि घरात जाऊन पुन्हा फडकं सोडून बघू लागले.