पाळण्याच्या कड्यांना तेल

माघ सरत आला की आमच्या बावड्याच्या शिवारात तुटलेल्या उसाचा ओलसर, गोडसर गंध दाटून राहतो. ऊन कोवळं असेतो तो अंगणापर्यंत येतो आणि दुपार चढली की पाचटाच्या कोरड्या, खरखरीत वासात विरून जातो. यंदा त्या दिवसांत माझ्या हातांना मात्र वेगळाच गंध होता, आठ महिन्यांच्या शिवांशच्या टाळूचा, दुधाचा आणि खोबरेलाचा. दर रविवारी माझी लेक मधुरा त्याला घेऊन यायची, दिवसभर तो माझ्या मांडीवर लोळायचा, आणि ऊन कलतं झालं की जावई गाडीची किल्ली बोटात फिरवू लागायचे. "निघू या आई, त्याला पाळण्याशिवाय झोप येत नाही." या एका वाक्यानं माझा अख्खा रविवार नासायचा.

कारण तो पाळणा माझाच होता! पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळ सासरी निघालं की त्याच्याबरोबर आजोळचा पाळणा जायचा, ही आमच्याकडची रीत. मी हौसेनं सागवानी पाळणा घडवून घेतला, त्याला लोखंडी कड्या बसवल्या, चारी कोपऱ्यांना लाकडी राघू लावले, आणि तो जाऊन टांगला गेला बारामतीजवळच्या पिंपळीत, मधुराच्या सासरी. माझ्या विहीणबाई, कमलताई, रोज संध्याकाळी त्याची दोरी ओढत बसू लागल्या. कधी गेले की बघायची, कड्यांना तेलाचं बोटसुद्धा लावलेलं नाही. प्रत्येक झोक्याला 'कुर्रर्र-कच्, कुर्रर्र-कच्'. दोनदा सांगितलं. "घालू की बाई," म्हणाल्या, आणि घातलं नाही. पाळणा माझा, नातू माझा, दोरी मात्र त्यांच्या हातात. एखाद्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणतात ते नेमकं कुठं दुखतं, हे जन्मभर शाळेत मुलांना वाक्प्रचार शिकवूनही मला कळलं नव्हतं. ते त्या पडवीत, त्यांच्या हातचा चहा पिताना कळलं.

म्हणून मी ठरवलं, की प्रवासात नेतात तसला घडीचा पाळणा, ज्याला आता सगळेच ट्रॅव्हल कॉट म्हणतात, विकत आणायचा, बावड्याच्या माझ्या खोलीत मांडायचा आणि शिवांशला एक रात्र, निदान एक, माझ्या घरी झोपवायचं. पहाटे डोळे चोळत उठल्यावर त्यानं पहिल्यांदा माझा चेहरा बघावा आणि ओळखीचं हसावं, एवढीच माझी आस होती. मधुरानं मात्र फोनवर विरजण घातलं. म्हणाली, "बारामतीत मोठं दुकान आहे. मला सुट्टी नाही, सासूबाईंना बरोबर घे ना, त्यांना बाळाच्या सवयी ठाऊक आहेत." त्यांना ठाऊक आहेत! अंगाचा तिळपापड झाला, पण मी गेले.

दुकानात नव्या कापडाचा, प्लास्टिकचा आणि बाळांच्या पावडरीचा संमिश्र, थंडगार दरवळ होता. विक्रेत्या मुलीनं दोन कॉट समोर मांडले. एक भारदस्त, चाकांचा, जाड दांड्यांचा, वरून मच्छरदाणी असलेला. दुसरा हलकाफुलका, चारी बाजूंना जाळी, मिटला की पिशवीत जाऊन खांद्याला अडकणारा. कमलताईंनी दोन्ही गाद्या कोपरानं दाबून पाहिल्या, जाळीत बोट अडकतंय का ते बघितलं, बिजागऱ्या चाचपल्या, मग पोरीला विचारलं, "ह्याला झोका न्हाय व्हय गं?"

"नाही काकू, हे हलत नाहीत. बाळ असंच सपाट, स्थिर झोपलेलं चांगलं."

"आमचा न्हाय झोपायचा असा," कमलताई म्हणाल्या. आमचा! मी तोंड फिरवलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घ्यायचाच तर हलका घ्या बाई. कुठंबी नेता येतो."

तेच तर मला नको होतं. जो कुठंही नेता येतो, तो पुढच्याच रविवारी पिंपळीला जाऊन बसेल आणि माझी खोली पुन्हा रिकामी होईल, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मी ठामपणे जडशीळ कॉटवर हात ठेवला. पाटाखालच्या शेतात उभ्या असाव्यात तशा कमलताई पदर खोचून उभ्या होत्या, त्यांनी खोचलेला पदर सोडला.

"तुमाला कशाला एवढा हेवा वाटतो बाई?" कुठलाही राग न आणता त्या बोलल्या. "तीन म्हैने तुमच्यापाशी हुता त्यो. पयलं हसू तुमी बघितलं, पालथा तुमच्याच घरात पडला. मला मोबाइलवर दावलं तुमी. मी पिंपळीत भिताडाला टेकून बघत बसायची."

कानशिलं तापली. पण माणूस खजील झालं म्हणून त्याचा हेवा थोडाच निवतो. मी तोच जड कॉट घेतला, आणि गाडीच्या डिकीत तो मावेना तेव्हा मागच्या सीटवर आडवा टाकून बावड्याला आणला.

रविवार आला. दिवेलागण झाली, आवारातल्या आंब्याच्या मोहराचा गंध खिडकीतून आत आला, आणि मी शिवांशला न्हाऊ-माखू घालून कॉटमध्ये ठेवलं. तो क्षणभर जाळीकडे बघत राहिला आणि मग त्यानं जो टाहो फोडला, तो काही केल्या थांबेना. मी थोपटलं, गायले, चाकांवर कॉट मागंपुढं ढकलला, मधुरानं पाजून पाहिलं. रडून रडून त्याचे ओठ सुकले. जावई दारात आले, हातात किल्ली होतीच. "आई, निघू का? तिकडं लगेच झोपेल तो." मधुरानं बाळाची पिशवी भरायला घेतली. माझी रात्र माझ्या डोळ्यांदेखत दाराबाहेर चालली होती.

मग मी ते केलं, जे जिवात जीव असेतो करणार नाही असं वाटलं होतं. कमलताईंना व्हिडिओ कॉल लावला.

त्यांनी पलीकडून रडणं ऐकलं, फोन कोनाड्यात उभा केला, आणि पडद्यावर मला पिंपळीची पडवी दिसली, राघू लावलेला माझा पाळणा, त्यातली नीट घडी घातलेली रिकामी दुपटी, आणि दोरीवरचा सुरकुतलेला हात. दोरी ओढली गेली. कुर्रर्र-कच्. कुर्रर्र-कच्. ज्या आवाजानं माझं डोकं उठायचं, त्या आवाजानं शिवांशचा हुंदका मध्येच अडकला. त्यानं मान वळवून आवाज शोधला, अंगठा तोंडात घातला. फोन मी कॉटच्या दांडीशी धरून उभी राहिले. जावयांनी किल्ली खिशात टाकली, मधुरानं पिशवी खाली ठेवली.

हळूहळू पापण्या मिटल्या. माझ्या घरात, माझ्या कॉटमध्ये, तो गाढ झोपला. आता फोन ठेवला की रात्र माझी, पहाट माझी, पहिलं हसू माझं.

पडद्यावर तो रिकामा पाळणा अजून झुलत होता. पडवीत आणखी कुणी नव्हतं.

"निजला का वं बाई?" कमलताईंनी दबक्या आवाजात विचारलं.

मी शिवांशच्या संथ श्वासाकडे पाहिलं.

"अजून नाही," मी म्हटलं. "थोडं झुलवा."