दुसऱ्या चुकीची धास्ती

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आमच्या आकडेसाहेबांइतका भित्रा माणूस झाला नाही. हे वाक्य मी त्यांच्यासमोर लिहिलं असतं तर चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले असते, "झाला नाही कशावरून? आढळला नाही, एवढंच लिहा. तुम्ही कुठं सगळी माणसं तपासलीत?" साठ सालाच्या आगेमागे ते दौंडला, जनावरांच्या औषधांच्या चाचण्या घेणाऱ्या एका लहानशा सरकारी कचेरीत सांख्यिकी अधिकारी होते आणि मी त्यांच्या हाताखाली हंगामी सहायक. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. आकडेमोड मी कॉलेजात शिकलो, पण आकड्यांना भ्यायचं कसं ते या माणसानं शिकवलं. ते ऋण फिटण्यातलं नाही.

साहेब भुताला भीत नसत, सापाला भीत नसत, बायकोलासुद्धा बेताचंच भीत. त्यांना भीती होती ती असलेली गोष्ट आपल्या नजरेतून निसटण्याची. वाऱ्यानं कडी वाजली तरी ते जेवणावरून उठून दार उघडत आणि रस्ता दोन्ही टोकांपर्यंत न्याहाळत. तांदूळ निवडायला बसले की वहिनींची चूल विझायची वेळ येई. "अहो, खडा नाही त्यात. आता तांदूळ तरी राहू द्या!" त्या ओरडत. साहेब मान वर न करता म्हणत, "खडा दिसला नाही म्हण." एकदा मला खोकला झाला. गावच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून "काही नाही" म्हटलं. साहेब पुढं सरसावले. "काही नाही, की काही ऐकू आलं नाही?" डॉक्टर चिडले. "डॉक्टर मी आहे का तुम्ही?" "आपणच," साहेब हात जोडून म्हणाले, "म्हणून तर विनंती करतो, पुन्हा ऐका." एका दुपारी त्यांना जळका वास आला, तेव्हा सगळी चाळ त्यांनी बादल्यांसकट रस्त्यावर आणली. शेजारी सायकलचं दुकान असलेले चाचा ट्यूबला गरम पट्टी चिकटवत होते, एवढंच. तेव्हापासून चाचा सकाळीच हाळी देत, "साहेब, आज दोन पंक्चर काढायच्यात. आधीच सांगून ठिवतो, मागनं पानी वतू नका!"

लोक हसतात याचं तुम्हाला काही वाटत नाही का, असं मी एकदा धीर करून विचारलं. पेन्सिलीला टोक करता करता ते म्हणाले, "नसलेली गोष्ट आहे म्हणालो, ही पहिली चूक. ती केली की लोक हसतात, आपण शहाणे होतो. पण दुसरी चूक, असलेली गोष्ट नाही म्हणालो तर? औषधाला गुण असताना 'गुण नाही' असं लिहून आपण ते बंद केलं, तर पुन्हा ते कोण पाजून बघणार? आणि आपली चूक झाली, हे सांगायला कोण येणार? मेंढ्या?" त्यांचा आवाज इतका खाली गेला की भर दुपारी त्या कचेरीत मला थंडी वाजली.

त्या वर्षी आमच्याकडं मेंढ्यांच्या जंतावरचं एक नवं औषध चाचणीला आलं होतं. निमोणे गावच्या एका धनगर आबांनी आपला कळप दिला होता, कारण पावसाळा सरता सरता त्यांची कोकरं वाळून मरत. आम्ही चिठ्ठ्या टाकून निम्म्या मेंढ्या निवडल्या, त्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला, आणि औषध त्यांनाच पाजायचं असं आबांना बजावलं. हंगाम संपल्यावर वजनं घेतली, तर दोन्ही गट सारखे. पुण्याच्या मोठ्या साहेबांचा निरोप आला: औषध निरुपयोगी असं कळवा आणि काम गुंडाळा. मी अहवाल स्वच्छ अक्षरात लिहून समोर ठेवला. साहेबांनी टाक उचलला, दौतीत बुडवला, पण सही केली नाही. टाक खाली ठेवून ते म्हणाले, "चला. निमोणे."

आबा मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या वाघुरीजवळ बसले होते. साहेबांनी त्यांच्यापुढं बसकण मारली आणि औषध कसं पाजलं, कुणी धरलं, कुणाला पाजलं, असं पोलिसासारखं विचारायला सुरुवात केली.

"आवं, तुमच्या चिठ्ठ्या लई येड्या," आबा शेवटी म्हणाले. "समद्या धडधाकट मेंढ्यांच्या पाठीवं पट्टं. दुखनाईत मेंढी समूर मराय टेकलीय, आन् मी पैलवानाला औषध पाजू व्हय? देव काय म्हनंल? मंग म्या पट्टं पुसलं आन् आजारी व्हत्या त्यास्नी लावलं."

मी वही मिटली; अख्खी चाचणी पाण्यात गेली होती. साहेब मात्र उभे राहिले आणि चारचौघांसमोर त्यांनी आबांना मिठीच मारली. "अहो, मरणाऱ्या मेंढ्या पैलवानांच्या बरोबरीला आल्या! आणि मी गुण नाही म्हणून सही करणार होतो!"

"गुन हायच की," आबा अंग सोडवून घेत म्हणाले. "तुमी इचारलं कवा?"

तरी साहेब लगेच 'गुण आहे' असंही लिहीनात. भीती त्यांना दोन्ही अंगांनी धरून होती. पुण्याला जाऊन, बशीत चहा सांडत, त्यांनी मोठ्या साहेबांकडून आणखी एक हंगाम मागून घेतला. "यंदाही फरक दिसला नाही, तर तुमची बदली आणि तुमच्या सहायकाला नारळ," या बोलीवर तो मिळाला. ते महिने मी नीट जेवलो नाही. या खेपेला कळप बरेच घेतले, कारण लहान कळपात लहान फरक बुडून जातो. उरलेल्या मेंढ्यांनाही मागून औषध देईन, अशी शपथ साहेबांनी प्रत्येक वाघुरीवर घेतली, तेव्हा कुठं गेरूचे पट्टे जागेवर राहिले.

वजनं झाली. फरक असा निघाला की नशिबाचा खेळ म्हणून तो झटकता येईना. आबांच्या वाघुरीत त्या साली कोकरांचा नुसता गलका होता. त्यांनी साहेबांच्या खांद्यावर नवं घोंगडं घातलं. "तुमी भ्याला म्हनून ही जगली बगा."

परतीच्या एसटीत मी आनंदानं बडबडत होतो. साहेब मात्र घोंगडं छातीशी धरून बसले होते. चेहरा पांढराफटक पडलेला. न्हावरा गाव मागं पडल्यावर ते म्हणाले.

"म्हणजे ती चूक खरोखर होते. आजवर मी नुसता भीत होतो हो. आज पाहिली." बाहेर माळावर कुणाचा तरी कळप चरत होता. तो दिसेनासा होईपर्यंत ते मान वळवून पाहत राहिले. "या कचेरीत याआधी आपण जी जी औषधं बंद केली, त्यांतली किती खरोखर गुणाची असतील?"

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. एवढ्या मोठ्या माणसानं आयुष्यात माझ्यासारख्याला मनापासून विचारलेला हा एकच प्रश्न. त्याचं उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि कुणालाच कधी ठाऊक होणार नव्हतं.