फेस येणारी बाटली

प्रयोगशाळेत त्यांना सगळे उंदीरमामा म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी उंदरांचे पिंजरे धुतले, भुसा बदलला आणि विचारल्यापेक्षा जास्त कधी बोलले नाहीत. नाकासमोर चालणारा माणूस. फक्त डोक्यात एकदा किडा शिरला, की तो बाहेर काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

या खेपेचा किडा थेंबाचा होता. संशोधक बाईंनी त्यांना नवं काम दिलं. अल्झायमरसारखा विसराळूपणा मुद्दाम घडवलेले चाळीस उंदीर होते. रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांत एकेक थेंब घालायचा. निम्म्यांना इन्सुलिनचा, निम्म्यांना खारट पाण्याचा. एका बाटलीला निळी पट्टी, दुसरीला पिवळी. कुठलीत काय, हे मामांना ठाऊक नव्हतं आणि बाईंनाही. ते एका बंद पाकिटात होतं.

मामांना इन्सुलिन माहीत होतं ते साखरेच्या आजाराचं, सुईनं टोचून घ्यायचं. डोळ्यात घातलेलं मेंदूत कसं पोचणार, असं त्यांनी विचारलं. बाईंनी हात पुसत समजावलं, की मेंदूलाही इन्सुलिन लागतं आणि या आजारात मेंदू त्याला दाद देईनासा होतो असा एक अंदाज आहे. टोचून भरपूर दिलं तर रक्तातली साखर घसरते. डोळ्याकडून मेंदूकडे वाट आहे, तिथून थोडंसं सरकतं का, ते पाहायचं.

"खरं सांगू मामा," त्या म्हणाल्या, "पक्कं माहीत असतं तर हा उद्योग मांडलाच नसता."

मामांना हे उत्तर भारी आवडलं. संध्याकाळी त्यांनी ते अक्काला सांगितलं. अक्का त्यांची थोरली बहीण, त्यांच्याकडेच राहायची. एके काळी तिनं त्यांच्याकडून पाढे घोकून घेतले होते. आता जेवून उठली की जेवायचं कधी, असं विचारायची.

दर शुक्रवारी परीक्षा. गढूळ पाण्याच्या टबात पृष्ठभागाखाली एक पाट लपवलेला असे. मामा उंदीर सोडत, बाई घड्याळ धरत. ज्याला पाटाची जागा आठवे तो लवकर पोचे.

तिसऱ्या आठवड्यात निळी बाटली मामांच्या हातून निसटून टेबलावर गडगडली. उचलली तर आत फेस. पिवळी हलवून पाहिली, तिला फेस नाही. खारट पाण्याला फेस कशाला येईल? मामांनी काय ते ओळखलं.

तेव्हापासून त्यांचे हात बदलले. निळ्या पट्टीचे उंदीर आधी, तळव्याच्या उबेत, थेंब जिरेपर्यंत धरून. पिवळे मागून, घाईघाईत. निळे उंदीर निम्म्या वेळात पाट गाठू लागले. बाईंचा चेहरा खुलला, त्या टिपणं लिहायला बसल्या. मामाही खूश होते. मग एका शुक्रवारी त्यांच्या लक्षात आलं, की निळ्या उंदराला पाण्यात सोडताना आपलं बोट त्याचं तोंड हळूच पाटाकडे वळवतंय.

सगळं आवरल्यावर ते बाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, निळी बाटली इन्सुलिनची आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

मामांनी बाटली हलवून दाखवली. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, बोटाचंसुद्धा. बाईंनी बाटली घेऊन स्वतः हलवून पाहिली.

"का केलंत असं?"

"घरी अक्का आहे. औषध लागू पडावं असं फार वाटत होतं."

बाईंनी पाकीट फोडलं. निळी इन्सुलिनचीच निघाली. दहा आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली. हात दाखवून अवलक्षण, आता नोकरीही जाणार, असं धरून मामांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना बोलावलं आणि दोन नव्या बाटल्या पुढे ठेवल्या.

"यातली कुठली कशाची, ते ओळखून दाखवा. ओळखता आली तर आमचं चुकलं."

मामांनी बाटल्या हलवल्या, उजेडात धरल्या, हुंगल्या. फेस दोन्हींना सारखाच होता. पण दोन दिवसांनी एकीच्या तोंडाशी पांढरट कडं वाळलं, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. बाईंनी पुन्हा बदल केला. चौथ्या जोडीला मामांनी हात टेकले. मगच नवे उंदीर आले. थेंब मामा घालत, पाण्यात सोडायला दुसरा माणूस असे.

शेवटी पाकीट फोडलं. या वेळीही इन्सुलिनवाले उंदीर लवकर पोचले होते खरे, पण निम्म्या वेळात नाही. चार-पाच सेकंदांचा फरक. बाई म्हणाल्या, हा योगायोगही असू शकतो, अजून पाहायला हवं.

मामांनी घरी ते जसंच्या तसं सांगितलं. अक्कानं नीट ऐकलं.

"मग मला कधी घालणार रे थेंब, धाकट्या?"

"अजून उंदरांचंच ठरत नाहीये, अक्का. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. कदाचित येणारही नाही."

"बरं. पण उंदीर डोळे मिटत नाही का, थेंब पडल्यावर?"

मिटतो की. मग मिटलेल्या डोळ्यातून किती आत जातं आणि किती मिशांवर ओघळतं? हे मामांना सुचलंच नव्हतं. सकाळी पिंजऱ्यांना हात लावायच्या आधी ते बाईंना विचारायला गेले.