थांबलाय की अडकलाय

आमच्या घरात वाक्य विसरणं हा गुन्हा नव्हता. निदान आप्पांना तरी तो माफ होता. माझे वडील दिवसा सांगलीच्या हळदीच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी आणि दिवेलागणीनंतर नट. आवाज असा, की सौद्याला हाक मारली तर पलीकडच्या गाळ्यातले लोक बाहेर येऊन बघायचे. उंची, चेहरा, चाल, सगळं देवाने सढळ हाताने दिलं. पाठांतर तेवढं द्यायला विसरला. इतकी वर्षं हौशी रंगभूमीवर काम केलं, पण एकही नाटक त्यांनी पूर्ण पाठ केलं नाही, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. विंगेत आई होती ना.

आई आमच्या हौशी नाटक मंडळींची प्रॉम्प्टर. ती आटपाडीकडची. लग्न होऊन सांगलीत आली तोवर तिने नाट्यगृहाचा दरवाजाही बघितला नव्हता. तालमी आमच्याच बाहेरच्या खोलीत व्हायच्या, म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाट टाकून, मांडीवर संहिता आणि पुढ्यात निवडायची मेथी घेऊन ती बसायला लागली, आणि तिथेच शिकली. घरात ती आजही अस्सल माहेरचं बोलते. पण विंगेतून शब्द द्यायची वेळ आली की नाटकाची भाषा अशी स्वच्छ तोंडातून निघायची की नवखा नट दचकून तिच्याकडे बघत राहायचा.

तिचं एक शास्त्र होतं. नट गप्प झाला की आधी बघायचं, तो थांबलाय की अडकलाय. थांबला असेल तर तोंड उघडायचं नाही, ती जागा त्याची. अडकला असेल तर तो आपल्याकडे बघेपर्यंत दम धरायचा, आणि मग द्यायचं ते फक्त पहिलं अक्षर. सगळं वाक्य कधीच नाही. सगळं दिलं की त्याला वाटतं आपल्याला काही येतच नाही, असं तिचं म्हणणं. आप्पांसाठी मात्र तिला नजरेचीही गरज नव्हती. ते खरोखर अडकले की त्यांचा डावा हात सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर जायचा. प्रेक्षकांना हे कळत नसे, आप्पांना स्वतःलाही माहीत नव्हतं. आईला, धाकट्या भावाला आणि मला माहीत होतं, आणि आम्ही ते गुपित जपलं होतं.

एकदा आई माहेरच्या लग्नाला गेली आणि वाईच्या प्रयोगाला भावाला विंगेत बसवलं. आप्पांनी एका प्रसंगात मोठा विराम घेतला. छान घेतला, सगळं नाट्यगृह कान टवकारून बसलं. भावाचा धीर सुटला आणि त्याने अख्खं वाक्य खणखणीत आवाजात बाहेर फेकलं. आप्पा विंगेकडे वळले आणि म्हणाले, "येतंय रं मला. जरा दम खा." वाईकर जे हसले ते पुढच्या अंकापर्यंत हसत होते. भाऊ आता फॅब्रिकेशनचं दुकान चालवतो, आमचं नेपथ्य तोच बांधतो, पण त्या दिवसापासून त्याने संहितेला हात लावलेला नाही.

मी त्या मंडळींची लेखक आणि दिग्दर्शक. सासर साताऱ्याचं, नोकरी बँकेतली, पण शनिवारी दुपारी एसटी पकडून सांगली गाठायची आणि रविवारी रात्री परतायचं हा नेम मी लग्नाआधीच कबूल करून घेतला होता. माझा स्वभावच दिग्दर्शकाचा आहे असं नवरा म्हणतो. म्हणजे मी हुकूम सोडते, असं त्याला म्हणायचं असतं. खोटं नाही ते.

गेल्या थंडीत आम्ही नाट्यस्पर्धेसाठी माझं नवं नाटक बसवत होतो. एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर, ज्याला अजून पहाटे आपोआप जाग येते आणि जायला मात्र कुठे नसतं. ते काम अर्थात आप्पांचं. रविवारची सकाळ होती, जेवून तालमीला बसायचं होतं. आई भाकऱ्या थापत होती. मागे न वळताच ती भावाला म्हणाली, "ती खिडकी दे हिकडं." तिचा हात उलथन्याकडे होता.

भाऊ हसला. कुठल्या नाटकातलं हे, असं त्याने विचारलं. मीही हसले. आमच्या घरात जेवताना, केस विंचरताना, भांडी घासताना कुणी ना कुणी कसलंतरी वाक्य म्हणत असतो, त्यामुळे विचित्र बोलण्याने आम्ही बिचकत नाही. आई पुन्हा काहीतरी बोलली, पण या वेळी त्यात शब्दच नव्हता. आम्ही पुढचं ऐकायला थांबलो. दारात उभे असलेले आप्पा तेवढे थांबले नाहीत. त्यांनी तिचा उजवा हात बघितला. त्यातून पिठाचा गोळा घसरून परातीत पडला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"ती थांबली न्हाई," आप्पा म्हणाले. "अडकलीया. गाडी काढ रं."

दवाखान्यांचं मिरज जवळ आहे हे सांगलीकरांचं नशीब. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत डाव्या बाजूला गुठळी आहे, तुम्ही वेळेत आणलंत. इंजेक्शन दिलं. हळूहळू पायात बळ आलं, हाताची बोटं हलली, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं. शब्द मात्र आले नाहीत. समजतंय सगळं, डॉक्टर म्हणाले, पण शब्द सापडत नाहीत; किती परत येतील ते सांगता येत नाही, सराव करत राहा. मी एरवी घाबरत नाही. तेव्हा घाबरले. ज्या बाईने आम्हा सगळ्यांचे शब्द सांभाळले, तिला स्वतःच्या मुलीला हाक मारता येत नव्हती. ती पुन्हा बोलेल का, एवढा एकच प्रश्न आम्हा तिघांच्या डोक्यात होता, आणि तो आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो. आप्पा दवाखान्याच्या जिन्यात बसून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत असायचे. देवाचं नाव घेतात असं मला वाटलं. नास्तिक माणूस, पण म्हटलं असू दे, वेळच तशी आहे.

आई घरी आली. मी रजा टाकली. तालमी बंद केल्या, स्पर्धेतून नाव काढायचं ठरवलं, घरात आरडाओरडा करायचा नाही असा हुकूम काढला. आणि आम्ही कामाला लागलो. कामाला म्हणजे आईला शब्द पुरवायला.

तिने "ते…" म्हणून सुरुवात केली की तिन्ही बाजूंनी मारा सुरू व्हायचा. चहा? पाणी? चष्मा? शाल? गोळी? आप्पांचा आवाज सगळ्यात मोठा, माझा सगळ्यात जलद. मला तर बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात ओळखू यायचं आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. वाचा-उपचार करणाऱ्या मिरजेच्या मुलीने बजावलं होतं की त्यांना वेळ द्या, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आम्ही माना डोलावल्या आणि घरी येऊन पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. आमच्यासारख्या नाटकवाल्यांच्या घरातच अशी चूक होऊ शकते. आयुष्यभर जिच्याकडून शब्द घेतले तिला परत द्यायची संधी मिळाली होती, आणि सगळ्यांना एकदमच विंगेत उभं राहायचं होतं.

हळूहळू आईने सुरुवात करणंच सोडलं. आधी ती बोट दाखवायची. मग बोटही दाखवेना. खिडकीशी बसून राहायची आणि आम्ही दिलेला चहा मुकाट्याने प्यायची. त्या गप्प बसण्याचा मला राग यायचा. तिचा नाही, गप्प बसण्याचा.

एका सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं होतं, आप्पा आणि भाऊ चहाची वाट बघत बसले होते. आई खुर्चीत जरा पुढे सरकली आणि म्हणाली, "मला… ते…"

"चहा? होतोय," मी म्हणाले. आप्पांनी शाल उचलली. भावाने पंखा बंद केला.

आईने डावा हात वर केला. तळवा आमच्याकडे.

तो तळवा आम्हाला ठाऊक होता. एखादा नट घाईने रंगमंचावर घुसायला निघाला की विंगेतून ती असाच हात करायची, आणि मोठमोठे आडदांड गडी जागच्या जागी खिळायचे. आम्हीही खिळलो, सवयच होती. आप्पा शाल हातात धरून तसेच उभे. आई शोधत होती. ओठ हलत होते, कपाळावर घाम आला होता, डोळे कुठेतरी लांब. माझ्या जिभेवर दहा शब्द आले आणि मी ते गिळले. दूध वर येताना मला दिसत होतं. ते उतू गेलं, गॅसवर सांडलं, करपल्याचा वास सुटला, पण कुणीही हललं नाही.

"ता…" आई म्हणाली. आणि मग, "तालीम."

आमच्यापैकी एकालाही तो शब्द सुचला नव्हता, आणि वर्षभर ओळखत बसलो असतो तरी सुचला नसता. आम्ही तिला आजारी माणसाचे शब्द देत होतो, पाणी, गोळी, शाल, आणि तिला हवी होती तालीम. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. भाऊ गॅस पुसायला गेला आणि बराच वेळ पुसत राहिला.

त्याच आठवड्यात तालमी सुरू झाल्या. पाटावर बसणं आता तिला जमेना, म्हणून भावाने दुकानात उजवा हात टेकायला फळी असलेली एक लोखंडी खुर्ची बनवली, वजन एवढं की दोघांनी उचलावी. अक्षरं वाचायला तिला वेळ लागायचा, पण ऐकून ऐकून नाटक तिच्या डोक्यात होतंच. इतर नटांना मी दम दिला होता की पाठ करून या. आप्पांना सांगून उपयोग नव्हता.

दुसऱ्या अंकात म्हातारा ड्रायव्हर सुनेला म्हणतो, "पाटीवरचं गाव पुसलं तरी रस्ता चुकत नाही." आप्पा त्या वाक्यापाशी आले आणि गप्प झाले. आढ्याकडे बघितलं, कपाळ चोळलं, आईकडे बघितलं. आई त्यांच्याकडे बघत होती, चेहऱ्याकडे नव्हे, हाताकडे. मीही बघितलं. डावा हात खाली लोंबत होता. बटणाच्या आसपासही नव्हता.

आईने बराच वेळ घेतला. मग एकेक शब्द मोजून टाकावा तशी म्हणाली, "येतंय… तुमास्नी."

आप्पांचा चेहरा चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा झाला. इतक्या वर्षांत त्यांनी इतका वाईट अभिनय कधी केला नव्हता. कबूल करावंच लागलं. दवाखान्याच्या जिन्यात बसून ते देवाचं नाव घेत नव्हते. माझं नाटक पाठ करत होते, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुला आता तरास नको म्हून केलं," ते म्हणाले.

आईचे डोळे भरले. मला वाटलं कौतुकाने. पण ती पुन्हा शोधायला लागली होती, आणि या वेळी कुणी मदत केली नाही.

"मग… मी?" ती म्हणाली.

आप्पा खाली बसले, त्या लोखंडी खुर्चीच्या पायाशी, आणि त्यांचा डावा हात आपोआप दुसऱ्या बटणावर गेला.

"तू बस हितंच," ते म्हणाले. "पाठ हाय, पर तू दिसली न्हाईस तर त्यातलं एक अक्षर ऱ्हाणार न्हाई. मला ठावं हाय."

स्पर्धेचा प्रयोग झाला. नंबर आला नाही. परीक्षकांबद्दलचं माझं मत मी इथे लिहीत नाही. नाटक उत्तम झालं, हे मी लिहिते, कारण ते खरं आहे. लोखंडी खुर्ची विंगेत ठेवली होती आणि आई नारायणपेठ नेसून तिच्यात बसली होती. दुसऱ्या अंकात त्याच वाक्यापाशी आप्पा गप्प झाले. मी पलीकडच्या विंगेत होते, तिथून त्यांची फक्त पाठ दिसत होती. हात दिसत नव्हता. मग समोरच्या विंगेतून, अगदी हळू पण स्वच्छ, "पा…" आलं आणि आप्पांनी ते वाक्य उचललं.

परतताना रिक्षात मी आप्पांना विचारलं, खरं सांगा, अडकला होतात का. ते म्हणाले, तुझ्या आईला विचार, ते तिचं खातं.

मी आईला विचारलं आणि थांबले. रिक्षा चौकात थांबली, सुटली, बाजार मागे पडला, तरी मी थांबले होते. आता मला थांबता येतं.

"अडकलं हुतं," आई म्हणाली. "खरंच. बरं… वाटलं."